कधीच न धावलेली ग्रेहाउंड

१

शनिवारी सकाळी आठ वाजता नरसिंहरावांचा फोन आला, तेव्हा माझ्या अर्ध्या गालावर साबण होता.

"बिंदू, रंभा गेली. पिंजरा रिकामा आहे. मावशीला घेऊन ताबडतोब ये."

खरं सांगायचं तर मला फारसं दुःख झालं नाही. रंभा ही नरसिंहरावांची ग्रेहाउंड कुत्री, आणि मी बिंदुमाधव, विमा कचेरीतला कारकून, कुत्र्याचं चित्र पाहूनही पाय वर घेणारा माणूस. पण नरसिंहराव बेंगळुरातल्या आमच्या मराठी समाजातलं मोठं प्रस्थ. चिकपेठेत तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान, बनशंकरीत बंगला, आणि १९९४च्या त्या जानेवारीत पुढच्या रविवारी भरणाऱ्या श्वानप्रदर्शनात पहिला नंबर येणार याची खात्री. मी मावशीला स्कूटरवर बसवलं आणि निघालो.

बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात तो पिंजरा होता. सहा फूट लांब, चार फूट रुंद, बाहेरून कडी. कडी नीट सरकवून पुन्हा लावलेली. आत तळाशी रंभाचा नवा कोरा चामडी पट्टा पडला होता, आणि त्याचं बक्कल लागलेलं होतं. शेजारी दहीभाताचं ताट जसंच्या तसं.

"पूजा आटोपून साडेसातला बाहेर आलो तर हे," नरसिंहराव म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "भिंत सात फुटांची, वर काचा. रात्री फाटकाला कुलूप असतं. कुत्रं भुंकलं नाही. अनोळखी माणूस असता तर भुंकलं नसतं? मग राहिला कोण?"

राहिला मल्लाप्पा. तो समोर अंगणात मान खाली घालून उभा होता. मुधोळकडचा माणूस. सहा वर्षं या घरात होता, आणि रंभा आल्यापासून तिचं खाणंपिणं, मालीश, फिरवणं सगळं त्याच्याकडे. मागच्या खोलीत बायको आणि सातवीतली मुलगी शिवलीला यांच्यासह राहायचा.

"उद्या संध्याकाळी पाचपर्यंत कुत्री दारात आली नाही, तर याला पोलिसांच्या हवाली करणार," नरसिंहराव म्हणाले. "बायकोमुलीनं खोली रिकामी करायची. मी सगळ्या ओळखीच्या घरांत सांगणार आहे. बेंगळुरात याला कुणी दारात उभं करणार नाही."

मल्लाप्पाची बायको खोलीच्या उंबऱ्यात बसून पदर तोंडात कोंबून रडत होती. मल्लाप्पा मात्र हो म्हणेना की नाही म्हणेना. चोरी केली नसेल तर माणूस निदान शपथ तरी घेतो. हा शपथही घेत नव्हता.

२

आमच्या मावशीबद्दल सांगायला हवं. कस्तुराबाई, वय अडुसष्ट. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यापासून एक शब्दकोश करते आहे. मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्हींचा मिळून. कागद विकत घेत नाही. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांची कार्डं करते. आमच्या समाजात कुणाचं लग्न ठरलं की पहिली पत्रिका गणपतीला आणि दुसरी मावशीला. अकरा वर्षांत ती 'ग'पर्यंत पोचली होती. मी म्हणायचो, "मावशी, 'ज्ञ' यायला तुला दोनशे वर्षं लागतील." ती म्हणायची, "मग तू कर पुढचं."

हरवलेल्या वस्तू शोधण्यात मात्र तिचा हात धरणारा कुणी नव्हता. मंडळाचा चांदीचा करंडा तिनेच शोधला होता. तिची पद्धत एकच. चोरीबद्दल कुणाला काही विचारायचं नाही. विचारायचं ते शब्दाबद्दल.

तिने पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला.

"नरसिंहराव, ग्रेहाउंड म्हणजे काय?"

"अहो, इथं माझं घर बुडालंय आणि तुम्हाला कोश सुचतोय?"

"मी 'ग'वरच आहे. सांगा."

नरसिंहराव चिडले, पण विषय आवडीचा होता. "उंची सत्तावीस इंच. वजन एकोणतीस किलो. पाठ धनुष्यासारखी, पोट आत, छाती खोल. मद्रासहून दोन महिन्यांची आणली. तीन वर्षांत एकदाही मोकळी सोडली नाही. या जातीची कातडी कागदासारखी असते हो, जरा काटा लागला की फाटते. पायावर ओरखडा दिसला की परीक्षक बाद करणार. म्हणून सकाळ-संध्याकाळ साखळीला बांधून गल्लीची एक फेरी. गेला महिनाभर तेही बंद, पिंजऱ्यातच."

"महिनाभर पिंजऱ्यात?" मी विचारलं. कुत्र्याची दया येण्याची ही माझी पहिलीच वेळ.

"प्रदर्शनापर्यंत फक्त. आणि रंग म्हणाल तर तिचा बदामी. ग्रे असा नव्हे."

"ग्रेचा रंगाशी संबंध नाहीच," मावशी लिहिता लिहिता म्हणाली. "तो फार जुना शब्द आहे. त्या पहिल्या तुकड्याचा मूळ अर्थ काय, यावर विद्वान अजून भांडतायत. हजार वर्षं लोक या कुत्र्याला हाक मारतायत आणि का ते कुणाला सांगता येत नाही. मला तर नवल वाटतं बाई."

तिचा आवाज तेव्हा देवळात बोलल्यासारखा झाला होता. मी कपाळाला हात लावला.

शेजारचे मोहनकुमार कुंपणापाशी येऊन उभेच होते. त्यांच्याकडे अल्सेशियन होता आणि तो सलग दोन वर्षं रंभाच्या मागे दुसरा आला होता. मला वाटलं, सापडला चोर.

"ग्रेहाउंड?" त्यांनी कन्नड-मराठी मिसळत उत्तर दिलं. "बस आहे अल्वा, आहे ना, त्या नावाची, अमेरिकेत. माझा अण्णा, मोठा भाऊ, त्यातनं फिरलाय. बसवर पळतं कुत्रं काढलेलं असतं म्हणे. आणि आंध्रात पोलिसांची तुकडी आहे, जंगलात जाणारी. तिचंही नाव तेच. वेगवान काही असलं की हे नाव ठेवतात बघा."

"आणि रंभा?"

"ती कसली वेगवान? ती मेणाची बाहुली. पळताना कुणी बघितलीय तिला?" ते हसले आणि मग गंभीर झाले. "पण मल्लाप्पा असं करणार नाही हां अक्का. मीच त्याला दुप्पट पगारावर बोलावलं होतं. त्या कुत्रीला सोडून आला नाही."

माझा चोर हातचा गेला, आणि मल्लाप्पाबद्दल आणखी एक कोडं वाढलं.

३

नरसिंहरावांची सून दिव्यश्री स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. तिनेही कार्डासाठी लगेच सांगितलं.

"आळशी प्राणी, आंटी! बाहेर असायची तेव्हा दिवसभर सोफ्यावर. थंडी वाजते तिला, म्हणून शाल. भुंकणं तर माहीतच नाही. गेल्या वर्षी गॅसवाला सरळ आत आला, तर ती उठून त्याच्या पायाशी जाऊन झोपली."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे भुंकली नाही यात ओळखीच्या चोराचा पुरावा काही नव्हता. ती कुणालाच भुंकत नव्हती.

"आणि पट्टा?" मावशीने विचारलं.

"तो नवा पट्टा मामंजींनी प्रदर्शनासाठी आणला. मल्लाप्पा पहिल्या दिवसापासून सांगत होता, चालणार नाही म्हणून. हिची मान जाड आणि डोकं निमुळतं. मागे सरकली की बक्कल न काढता पट्टा डोक्यावरून निघतो. आम्हाला घरात सगळ्यांनाच माहीत आहे ते."

"आज सकाळी घरात कोण आलं होतं?"

"कुणीच नाही. भाजीवाली यल्लव्वा तेवढी, नेहमीसारखी. सासूबाईंनी फाटक उघडून भाजी घेतली. ती टेंपोतून येते आणि लगेच परत जाते."

मग आम्ही मल्लाप्पाकडे गेलो. तो आपल्या खोलीबाहेर दगडावर बसला होता. मावशी त्याच्या शेजारी सरळ जमिनीवरच बसली. तो दचकून उभा राहायला लागला, तिने हात धरून बसवला.

"मल्लाप्पा, ग्रेहाउंड म्हणजे काय रे?"

त्याने पायाजवळचा एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आमच्याकडं याच जातीतलं कारवानी कुत्रं असतंय, अक्का. नजरेचं कुत्रं. दुसरी कुत्री नाकानं शोधत्यात, हे डोळ्यानं. मैलावरचा ससा दिसला की सुटलं. मग त्याला हाक ऐकू येत न्हाई, काटा दिसत न्हाई. माझा बा म्हनायचा, देवानं वारा केला आन् उरलेल्या मातीचं हे कुत्रं केलं."

"रंभा पळते का तशी?"

"हितं कुठं पळनार?" त्याने पटकन मान फिरवली. "मी न्हाई बघितली."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की कान लाल होतात. त्याचे झाले होते.

"तू नेलीस का तिला?" न राहवून मीच विचारलं.

"न्हाई."

"मग कोणी नेली, माहीत आहे?"

मल्लाप्पाने हात जोडले. "पोलिसात द्या मला, साहेब. तेवढं इच्यारू नका."

४

दुपारी सुनंदाबाईंनी, म्हणजे नरसिंहरावांच्या पत्नीने, आम्हाला बळेच जेवायला बसवलं आणि नंतर कॉफी आणली. साठीची बाई, चालायला काठी लागे, आणि आवाज इतका हळू की पंखा बंद करावा लागे. नवऱ्यासमोर तर तोंडही उघडत नसत. चकलीचा डबा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "स्वल्प, जरा उघड रे बिंदू. संधिवातानं बोटं चालत नाहीत."

मी डबा उघडला आणि चकल्यांकडे वळलो. मावशीने कार्ड काढलं.

"सुनंदाबाई, तुम्हीही सांगा. ग्रेहाउंड म्हणजे काय?"

"मला काय कळतंय? मी पोथी वाचणारी बाई."

"पोथीतलं नको. तुमचं सांगा."

सुनंदाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग खिडकीबाहेर पाहात बोलू लागल्या, आणि आवाज अचानक स्पष्ट झाला. "धावताना ती एका ढांगेत दोनदा जमीन सोडते. एकदा चारी पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा, आणि एकदा चारी लांब पसरतात तेव्हा. मधे कुठं मातीला लागली तर लागली. आवाज नसतो. आपण बघतो तिथं नुसती धूळ असते, ती पुढं गेलेली असते. आणि थांब म्हटलं तरी एकदम थांबता येत नाही तिला. केवढा तरी मोठा वळसा घालून येते." त्या थांबल्या. "बघताना आपलं गुडघं दुखतंय हे आठवत नाही."

मावशी लिहायची थांबली होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि मला वाटलं कॉफी गरम लागली.

"बिंदू, स्कूटर काढ," ती म्हणाली. "जवळपास मोकळी जमीन कुठे आहे, तिथे चल."

बनशंकरीच्या टोकाला तेव्हा नवं लेआउट पडत होतं. रस्त्यांच्या खुणांचे दगड रोवलेले, घर एकही नाही, लांबच लांब लाल माती. मावशी खाली वाकून चालू लागली, आणि एका जागी तिने मला हात केला.

वाऱ्याने अर्धवट पुसलेले, पण कडेच्या दगडांच्या आडोशाने टिकलेले कुत्र्याच्या पंजांचे ठसे होते. चार ठसे एकत्र. मग काहीच नाही. मी पावलं टाकत गेलो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाव्या पावलापाशी पुढचे चार ठसे. पुन्हा सहा पावलं रिकामी माती.

मी कुत्र्यांना घाबरणारा माणूस. पण त्या रिकाम्या मातीकडे पाहून अंगावर काटा आला. एवढं अंतर कुणीतरी हवेतून गेलं होतं.

"हे महिनाभरापूर्वीचे," मावशी म्हणाली. "म्हणजे पिंजऱ्याच्या आधीचे. आणि हे बघ." कडेला, जिथे माणसं उभी राहिली असतील तिथे, दोन जणांचे ठसे होते. एक मोठ्या वहाणांचे. दुसरे लहान, आणि त्यांच्या शेजारी ओळीने गोल भोकं. काठीची.

५

रविवारी दुपारी तीनला दिवाणखान्यात सगळे जमले. मल्लाप्पा दाराबाहेरच उभा होता. नरसिंहराव घड्याळाकडे पाहात होते.

"मल्लाप्पा चोर नाही," मावशीने सुरुवात केली. "पट्टा पाहा. चोराने कुत्री पट्ट्यासकट ओढून नेली असती. मल्लाप्पाने नेली असती तर एका बोटाने बक्कल काढलं असतं, तीन वर्षांचा हात आहे त्याचा. पण पट्टा बक्कल लावलेलाच डोक्यावरून काढला. असं कोण करेल? जिला पट्टा नको होता, पण बक्कल उघडता येत नव्हतं. आणि कडी? चोर पळताना कडी परत लावत नाही. घर आवरायची सवय असलेला हात लावतो."

मावशीने पिशवीतून कार्डं काढून टेबलावर मांडली.

"मी सगळ्यांना एकच शब्द विचारला. नरसिंहरावांनी इंच आणि किलो सांगितले. मोहनकुमारांनी बस सांगितली, दिव्यश्रीने सोफा. ज्याने जे पाहिलं तेच तो सांगणार. पण एकाने मला सांगितलं, की ती एका ढांगेत दोनदा जमीन सोडते. घोडा एकदाच सोडतो. हे मी मागच्या महिन्यात जाड इंग्रजी पुस्तकात वाचलं. सांगणारी व्यक्ती इंग्रजी वाचत नाही."

"टीव्हीवर पाहिलं असेल," मी म्हणालो.

"टीव्हीवर मागे वाजंत्री असते बिंदू. आवाज नसतो, असं समोर उभं राहून बघणाराच सांगतो. आणि दोन्ही वेळा पाय सुटतात हे एकदा पाहून कळत नाही. शंभर वेळा पाहावं लागतं."

"पण ती कधी धावलीच नाही!" नरसिंहराव ओरडले.

"धावली," सुनंदाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या होत्या. काठी टेकत त्या दोन पावलं पुढे आल्या. "रोज सकाळी. तुम्ही सोवळ्यात देवघरात असता तेव्हा. दोन वर्षं मी आणि मल्लाप्पा तिला लेआउटवर नेत होतो. मग तुम्ही पिंजरा आणलात. महिनाभर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. चार दिवस जेवली नाही. मला बघवलं नाही हो. शनिवारी यल्लव्वाच्या टेंपोतून तिला आनेकलला पाठवली, तिच्या शेतावर. मल्लाप्पाला ठाऊकही नव्हतं. रिकामा पिंजरा पाहून त्याला कळलं."

"आणि हा माणूस दोन दिवस मान खाली घालून उभा आहे, तू बघत बसलीस?"

हा प्रश्न आम्हा सगळ्यांच्याच मनात होता. सुनंदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"चुकले मी. तीन वेळा तुमच्यासमोर तोंड उघडलं, आवाजच फुटला नाही. आणि तो लांबून हात जोडून नको नको करत होता. पाचच्या आत सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते."

"अक्काला घरात ऱ्हायचंय, धनी," मल्लाप्पा दारातून म्हणाला. "मी कुठंबी ऱ्हाईन."

नरसिंहराव उठून उभे राहिले. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण त्यांनी फक्त गाडीची किल्ली उचलली.

६

आनेकलजवळ यल्लव्वाचं शेत होतं. नाचणी काढून झालेली, खुंटांची मोकळी जमीन, पलीकडे टेकडी, आणि पाचाचं कलतं ऊन. नरसिंहराव पुढे, सुनंदाबाई काठी टेकत मागे, मल्लाप्पा त्याही मागे. गाडीत तासभर नरसिंहराव सरळ रस्त्याकडे पाहात होते. सुनंदाबाईंचं पुढे काय होणार, मल्लाप्पाची मुलगी उद्या शाळेत जाणार की गावच्या गाडीत बसणार, सगळं त्या एका पाठमोऱ्या माणसावर होतं.

"कुठं आहे?" नरसिंहरावांनी विचारलं.

यल्लव्वाने बोट दाखवलं. टेकडीच्या पायथ्याशी एक बदामी ठिपका होता. सुनंदाबाईंनी पदर वर करून हलवला.

ठिपका सुटला.

ते मला नीट सांगता येणार नाही. मी फार तर कागदपत्रांवर लिहिणारा माणूस. अर्धा मैल जमीन होती, आणि ती जमीन कुणीतरी सतरंजीसारखी भराभर गुंडाळत आमच्याकडे येत होतं. पाय दिसत नव्हते. ती गोळा व्हायची आणि लांब व्हायची, गोळा व्हायची आणि लांब व्हायची, आणि दोन्ही वेळा तिच्याखाली ऊन दिसायचं. आवाज नव्हता. मी दहा पावलं मागे सरायला हवं होतं, पण मी हललो नाही. भीती कुठे गेली कळलं नाही. ती आमच्या बाजूने वाऱ्यासारखी पुढे गेली, केवढा तरी मोठा वळसा घेतला, आणि येऊन सुनंदाबाईंच्या पायाशी उभी राहिली. जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

डाव्या पुढच्या पायावर वीतभर लांब ओरखडा होता. ताजा. त्यावर रक्ताचे बारीक थेंब.

सगळ्यांना एकदमच दिसला. प्रदर्शन संपलं होतं. मल्लाप्पाने डोळे मिटून घेतले.

नरसिंहराव खाली बसले. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, ओरखड्यावर ठेवला आणि तसेच बसून राहिले. खांदे हलत होते. एवढ्या मोठ्या माणसाला रडताना पाहू नये, म्हणून मी टेकडीकडे पाहू लागलो.

"तीन वर्षं माझ्या घरात होती," ते म्हणाले. "मी हिला बघितलीच नाही." मग मान वळवून त्यांनी हात जोडले. "मल्लाप्पा, चुकलं माझं. तुझ्या बायकोचीही मी घरी जाऊन माफी मागतो."

मल्लाप्पा पुढे धावला आणि त्याने ते जोडलेले हात धरले. "नगा धनी, असं नगा करू."

रंभाला या सगळ्याचं काही नव्हतं. टेकडीकडे एक पक्षी उडाला आणि तिची मान ताठ झाली, अंग थरथरू लागलं. मल्लाप्पाने सवयीने तिला छातीशी धरलं आणि धन्याकडे पाहिलं.

नरसिंहरावांनी त्याचे हात हळूच बाजूला केले आणि तिला सोडलं. मग ते उठले, धोतराची माती न झटकताच सुनंदाबाईंच्या शेजारी गेले, आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात त्यांनी बायकोला विचारलं, "कुठं उभं राहिलं म्हणजे नीट दिसतं गं?"